दोरावरचा अभ्यास

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेली दोन-चार वाक्यं लिहिताना भरली आहेत, एवढंच.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल. आपल्या पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ." मी म्हटलं, "ते मलाच कुणीतरी सांगा." मग ठरवलं, जे थोडंफार खरंच कळलंय त्यावर बोलावं. आणि गेल्या चार वर्षांत मला जे कळलं ते कॉम्प्युटरसमोर कमी आणि दोरावर जास्त. म्हणून आज मी दोराच्या मल्लखांबावर बोलणार आहे. मागच्या रांगेतलं हसू मला ऐकू आलं. हसा. मी दोर धरला की माझ्या मुलीलाही सुरुवातीला हसू यायचं.

मैदानाच्या कडेची पत्र्याची शेड आठवते ना? साताऱ्याचा पाऊस त्या पत्र्यावर असा वाजायचा की शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. एका बाजूला मुलांचा लाकडी खांब, एरंडेलाचा वास येणारा. दुसऱ्या बाजूला वरच्या तुळईला अडकवलेला आपला सुती दोर, बोटाएवढ्या जाडीचा, खाली गादी. आज आपली मुलंही इथे बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मल्लखांब हा मुळात पैलवानांचा व्यायाम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली असं मानतात. पुढे त्यातच वेताचा मल्लखांब आला आणि वेताच्या जागी दोर आला. दोराला कुठेही गाठ मारायची नाही. हाताची पकड, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली पकड, आणि अंगाभोवतीचे वेढे, एवढ्यावरच माणूस वर टिकतो. मुलींनी प्रामुख्याने दोर करायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत.

आपल्या व्यायामाच्या सरांची शिकवण्याची पद्धतही आठवत असेल. आज सर समोर बसले आहेत, म्हणून जपून बोलते. सर एका दिवशी एकच गोष्ट करून घ्यायचे. चढ म्हणजे चढ. अर्ध्यापर्यंत चढायचं, उतरायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. पहिले पंधरा दिवस आपण तेवढंच केलं. मी सहावीत होते. मला आसनं करायची होती, वर जाऊन टाळ्या मिळवायच्या होत्या. मी मनातल्या मनात आकडे मोजायचे, म्हणजे संपायला किती उरलं ते कळावं. सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "मोजू नकोस. मोजायला मी आहे. तू पकड बघ."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला तीस वर्षं लागली.

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि माझा दोर बंद झाला. आई म्हणाली, "आता खेळ पुरे, अभ्यासाचं वर्ष आहे." आईवर माझा राग नाही. ती स्वतः शिक्षिका होती, पगार एकाचाच होता, आणि मुलीला इंजिनिअर करायचं तर मार्क लागणार हे तिला ठाऊक होतं. त्या वर्षी आपल्या तुकडीतल्या दोरावरच्या आठही मुली घरी बसल्या. कुणाच्याही घरी त्यावर वाद झाला नाही. मला चांगले मार्क मिळाले. पुढे कराडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, आणि दोर डोक्यातून गेला तो गेलाच.

पण शब्द बघा कसा आहे. अभ्यास. मराठीत गणिताचा धडा वाचणं हा अभ्यास आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणं हाही अभ्यास. योगसूत्रांतही मन स्थिर करण्याच्या उपायाचं नाव अभ्यासच आहे, आणि तो दीर्घकाळ, खंड न पाडता करायचा असतो असं सांगितलंय. शब्द एकच, आणि आपल्या घरांनी त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा वहीत ठेवला, दुसरा शेडमध्ये कुलूपबंद केला. मला वाटतं, त्यात आपलं काहीतरी हरवलं. काय हरवलं, ते मला एकेचाळिसाव्या वर्षी एका रात्री कळलं.

ती रात्र सांगते. कामावरची गोष्ट आहे, चूक पूर्णपणे माझी होती.

आमच्या कामात दोन जागा असतात. एक चाचणीची, जिथे काहीही मोडलं तरी चालतं. दुसरी खरी, जिथे ग्राहकांची माहिती असते. त्या रात्री पावणेबाराला माझ्या स्क्रीनवर दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. तीन ठिकाणी चॅट चालू होतं, कानात मीटिंग होती, फोनवर मुलीच्या शाळेच्या ग्रुपचे मेसेज येत होते. चाचणीतली जुनी माहिती पुसायची होती. मी ती आज्ञा दिली, एंटर दाबलं, आणि दोन सेकंदांनी लक्षात आलं की खिडकी दुसरी होती. खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरींचं अख्खं टेबल गेलं होतं.

बॅकअप होता. पण तो परत कसा चढवायचा याचा सराव आमच्यापैकी कुणीही कधी केला नव्हता. कागदावर पायऱ्या लिहिलेल्या होत्या, त्या जुन्या निघाल्या. पहाटे पाचला सगळं पूर्ववत झालं. कुणी मला ओरडलं नाही. उलट सगळे म्हणाले, होतं असं. पण मला त्या चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. ती आज्ञा देताना मी तिथे नव्हतेच. हात कीबोर्डवर होते, मन चार ठिकाणी वाटलेलं होतं. आणि हे त्या एका रात्रीपुरतं नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं मला एक पान सलग वाचता येत नव्हतं. तीच ओळ तीनदा वाचायची. पोळी लाटताना मीटिंग ऐकायची आणि मीटिंगमध्ये भाजीची ऑर्डर द्यायची. सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये याबद्दल लिहिलंय. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की मन पूर्ण जात नाही, पहिल्याचा अंश मागे चिकटून राहतो. मी त्याला लक्षाचं खरकटं म्हणते. माझं ताट कधी घासलंच जात नव्हतं. त्याच ताटात पुन्हा पुन्हा वाढून घेत होते.

डॉक्टरांकडे गेले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. ध्यानाचं एक अॅप घेतलं. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. मी डोळे मिटायचे आणि डोक्यात कामाची यादी सुरू व्हायची. ध्यान वाईट नाही, अनेकांना जमतं. मला रिकाम्या जागी बसून मन धरता येईना, कारण धरायला काही नव्हतं.

दोर परत आला तो मुलीमुळे. ती तेव्हा पाचवीत होती. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली होती, तिचे व्हिडिओ तिने कुठेतरी पाहिले. परदेशातल्या मुली दोरावर आसनं करताना बघून म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय." मी म्हटलं, "अगं, मी करायचे हे." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी म्हणाले असते मी विमान चालवायचे, तरी तिला ते जास्त खरं वाटलं असतं.

पुण्यात घराजवळ एक वर्ग होता. मी तिला सोडायला जायचे आणि बाकावर बसून लॅपटॉप उघडायचे. तिथल्या प्रशिक्षक ताईंनी आठवडाभर ते बघितलं. मग म्हणाल्या, "मोठ्यांचीही बॅच आहे, सकाळी साडेसहाला. बाकावर बसून पाठ दुखवून घेण्यापेक्षा या की."

पहिल्या दिवशी मी दोर धरला आणि लटकले. फक्त लटकले. वर जायचं सोडाच, पाय गादीवरून उचलून दहा सेकंद राहता आलं नाही. तळहात भाजल्यासारखे झाले, पायाच्या अंगठ्याच्या खोबणीतली साल निघाली. ताईंनी दिलेला कार्यक्रम सरांसारखाच होता. आठवड्यातून तीन दिवस, पहिला महिना नुसतं लटकणं. मग अर्ध्यापर्यंत चढणं आणि उतरणं, दहा वेळा. मग पंधरा. अढी, म्हणजे उलटं होऊन मांड्यांमध्ये दोर आवळून धरणं, सहाव्या महिन्यापर्यंत नाही.

पहिले तीन-चार महिने मला फार कंटाळा आला, हे खरं सांगते. तेच ते. डोक्यात ऑफिस. आकडे मोजायचे, किती उरले ते बघायचे. अगदी सहावीतल्यासारखं.

आठव्या महिन्यात, जुलैमध्ये एका सकाळी, पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी चढत-उतरत होते. हात वर, पकड, पाय वर ओढ, अंगठ्यात दोर, उभी राहा, पुन्हा हात. मुलीला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, ती गादीजवळ बसली होती. मी खाली आले, पाणी प्यायले आणि म्हटलं, "सहा झाले ना?" ती म्हणाली, "आई, अकरा झाले." मला पाच चढांचा हिशेबच नव्हता. थकवाही कळला नव्हता. पण मी कुठे हरवलेही नव्हते. त्या अकरा चढांमध्ये दोर कुठे ओला लागला, डावा अंगठा कितव्या वेळी घसरला, हे सगळं मला स्पष्ट आठवत होतं. नव्हती ती फक्त मोजणारी मी. मोजायला मुलगी होती. मी पकड बघत होते.

सर, तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं.

मग इंजिनिअर असल्यामुळे मी शोधायला लागले की हे झालं काय. या अवस्थेचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यासक मिहाय चिकसेंटमिहाय नावाचा हंगेरियन वंशाचा मानसशास्त्रज्ञ. तो पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला, २०२१ मध्ये वारला. १९७० च्या दशकात त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यचिकित्सक अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या. विचारायचं ते हेच, की कामात सगळ्यात जास्त रमता तेव्हा आत काय होतं? सगळ्यांनी सांगितलं त्यात साम्य निघालं. काम आणि लक्ष एक होतं, स्वतःबद्दलची काळजी गळून पडते, वेळेचं भान बदलतं. अनेकांनी वाहत्या पाण्याची उपमा दिली, म्हणून त्याने नाव दिलं फ्लो, म्हणजे प्रवाह. १९९० मध्ये त्याचं याच नावाचं पुस्तक आलं आणि शब्द जगभर गेला.

आपल्याकडे 'तंद्री लागली' म्हणतात. पण तंद्रीत थोडी झोपेची छटा आहे, आणि दोरावर झोप लागली तर गादी फार लांब नसते. मला गाणाऱ्यांचा शब्द जास्त बरोबर वाटतो. सूर लागला.

सूर लागायला चिकसेंटमिहायच्या म्हणण्याप्रमाणे तीन गोष्टी लागतात. काय करायचं ते स्पष्ट हवं. बरोबर होतंय की चुकतंय हे लगेच कळायला हवं. आणि काम आपल्या कुवतीच्या थोडंसं वर हवं. फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर भीती. आता दोराकडे बघा. काय करायचं? पुढची पकड. चुकलं तर कधी कळतं? त्याच क्षणी, तळहाताला. अवघड किती? तीन फूट चढायचं की दहा, उलटं व्हायचं की नाही, हे रोज ठरवता येतं. आणि माझं ऑफिसचं काम बघा. काय करायचं ते दर तासाला बदलतं. चूक कळते ती तीन महिन्यांनी. अवघडपणा माझ्या हातात नाही. मन तिथे टिकत नव्हतं यात नवल काय?

पण मग एक प्रश्न उरतो. तेच ते करून कंटाळा यायला हवा, सूर कसा लागतो?

याचं उत्तर मला दुसऱ्या एका जुन्या मांडणीत मिळालं. फिट्स आणि पोस्नर या दोघांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दुसरीत हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, चुका कमी होतात. तिसरीत त्या आपोआप होतात. सायकल आठवा. दोर तसाच. आता पाय कुठे ठेवायचा याचा विचार मी करत नाही, पाय जातो.

इथेच फाटा फुटतो. पाय आपोआप जायला लागला की मन मोकळं होतं. या मोकळ्या मनाचं काय करायचं? एक वाट अशी की ते ऑफिसला पाठवायचं, आणि हात-पाय दोरावर. माझे पहिले महिने असेच गेले. दुसरी वाट अशी की ते मोकळं मन तिथेच दोरावर ठेवायचं. मग तेच मन बारीक बारीक गोष्टी पाहायला लागतं. पकडीचा दाब, श्वास कुठे अडतो, खांदा उगीच कानाला लागलाय. तेच ते करत असताना दोन वेळा कधीच तंतोतंत सारख्या नसतात, हे दिसायला लागतं. आणि हे दिसायला लागलं की कंटाळा जातो. माझ्यापुरती मी याची सांगड अशी घातली आहे: पुनरावृत्ती मन रिकामं करते, एवढंच तिचं काम. त्या रिकाम्या मनाला परत बोलावणं हे आपलं काम, आणि ते प्रत्येक चढाला करावं लागतं. एका चढात दहा वेळा मन पळालं तर दहा वेळा परत आणायचं. हात जसे बळकट होतात तसं हे परत आणणंही बळकट होतं.

याच्या उलट टोकाचीही एक गंमत आहे. सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गोल्फ आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तरबेज खेळाडूंना स्वतःच्या हालचालीच्या एकेका पायरीवर लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना मात्र त्याचा फायदा झाला. म्हणजे लक्ष देणं सगळ्यांसाठी एकच नसतं. नवशिक्याने पायऱ्या बघाव्यात. जाणत्याने पायऱ्या सोडून परिणाम बघावा. सर सहावीतल्या मुलींना म्हणायचे, "पकड बघ." आणि स्पर्धेच्या दिवशी नववीतल्या मुलींना म्हणायचे, "काही बघू नको, वर जा." तेव्हा वाटायचं सर आज एक बोलतात, उद्या दुसरं. सर, माफ करा.

आता लगेच कुणी म्हणेल, म्हणजे दोर केला की ऑफिसातलं लक्ष सुधारतं. तसं नाही. मी कुणाला चमत्कार विकायला आलेले नाही. आजही दहापैकी सात दिवस सूर लागत नाही. सात दिवस नुसती मेहनत होते. आणि सकाळी सूर लागला म्हणून दुपारी कोड चांगला होतो असंही नाही. दोराचं कौशल्य दोराचंच असतं.

पण दोन गोष्टी मी तिथून उचलून कामावर नेल्या, आणि त्यांनी फरक पडला.

पहिली. उलटं होण्याआधी ताई एक सवय लावतात. हात सोडण्यापूर्वी पायाची पकड एकदा आवळून तपासायची. हजाराव्या वेळीसुद्धा. मी आता न परतवता येणारी कुठलीही आज्ञा देण्यापूर्वी हात कीबोर्डवरून उचलते, कोणत्या खिडकीत आहे ते मोठ्याने वाचते, मग एंटर. शेजारची मुलं पहिल्यांदा हसली. आता तीही वाचतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. त्या रात्री आम्हाला पाच तास लागले, कारण बॅकअप परत चढवणं कुणाच्याच हातात बसलेलं नव्हतं. आता आमची टीम दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते करते. काहीही बिघडलेलं नसताना. चाचणीच्या जागेवर टेबल पुसायचं आणि परत आणायचं. पहिल्यांदा सगळे वैतागले, तेच ते काय. गेल्या वर्षी एका शनिवारी खरोखर मशीन बंद पडलं. चाळीस मिनिटांत काम झालं. त्या चाळीस मिनिटांत कुणाचाही आवाज चढला नाही. सगळ्यांचे हात पायऱ्या जाणत होते, म्हणून डोकी नेमक्या बिघाडाकडे बघायला मोकळी होती. संकटात एकाग्र व्हा, असं सांगून कुणी एकाग्र होत नाही. ती एकाग्रता आधीच्या कंटाळवाण्या शुक्रवारांत साठवलेली असते.

आता शेवटचं, आणि खरं तर याचसाठी मी एआय सोडून दोर निवडला.

माझी मुलगी येत्या जूनमध्ये दहावीत जाईल. गेल्या महिन्यात तिच्या शाळेची पालकसभा झाली. घरी येताना गाडीत मी तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी दोर थोडा बाजूला ठेवू या. दहावी आहे." वाक्य बोलून झालं आणि मला आईचा आवाज ऐकू आला. आवाज, शब्द, सगळं तेच. मुलगी काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. मीही १९९५ मध्ये अशीच काही बोलले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःशी वाद घातला. मला चांगले मार्क मिळाले होते, मग आई चुकली असं कसं म्हणायचं? दोर चालू असता तर मार्क वाढले असते की कमी झाले असते, हे कुणालाच सांगता येणार नाही. मार्कांच्या जोरावर मी दोराची बाजू घेऊ शकत नाही, आणि घेणारही नाही. पण एक मला नक्की माहीत आहे. पंधराव्या वर्षी माझ्याकडे एक जागा होती, जिथे मन आपोआप गोळा व्हायचं. ती जागा मी परत मिळवली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, आणि मधल्या काळात ती नाही हेसुद्धा मला कळलं नव्हतं. माझ्या पंधराव्या वर्षी खिशात फोन नव्हता. माझ्या मुलीच्या खिशात आहे. तिला त्या जागेची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "काल मी चुकीचं बोलले. दोर चालू राहील. आठवड्यातून पाचऐवजी तीन दिवस, परीक्षेच्या महिन्यातसुद्धा." ती म्हणाली, "मार्क कमी पडले तर?" मी म्हटलं, "पडले तर ते आपण दोघी बघू." हे बोलताना माझ्या पोटात गोळा आला होता, तो अजून आहे. निकाल लागेपर्यंत राहील. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नववी-दहावीची मुलं आहेत. कुणाचं क्रिकेट आहे, कुणाचं पोहणं, कुणाचा तबला. त्यांनी काय करावं हे मी सांगणार नाही, प्रत्येक घराची गणितं वेगळी असतात. एवढंच म्हणते की बंद करण्यापूर्वी एकदा जाऊन बघा. मार्कांचा, पदकांचा विचार बाजूला ठेवून फक्त त्याचा चेहरा बघा, पन्नासाव्या वेळी तीच गोष्ट करतानाचा. तिथे मन गोळा झालेलं दिसलं, तर तोही अभ्यासच आहे.

उद्या सकाळी साडेसहाला आपल्या शेडमध्ये दोर बांधलेला असेल. मी पुण्याहून आणलाय. वरची कडी आणि तुळई आज सकाळी माणूस बोलावून तपासून घेतली, गादीही मागवली आहे. दोरावरच्या आठपैकी पाच जणी इथे आहेत, त्यांनी यायलाच हवं. बाकीच्यांनीही या. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचे खांदे, मला माहीत आहे. चढायची सक्ती नाही, दोन्ही पाय गादीवर ठेवून दोर धरून उभं राहिलात तरी चालेल.

मोजू नका. मोजायला सर आहेत.